इराणी कचेरीतलं जेवण आणि अडलेली फाईल

इराणमधल्या सरकारी कचेऱ्यांशी ज्याचं काम पडतं, त्याच्या कानावर एक तक्रार पहिल्या महिन्यातच येते: बारा वाजले की तिथलं काम थांबतं. खिडकीवर माणूस नसतो, फोन कोणी उचलत नाही, आणि कारण विचारलं तर ‘नाहार ओ नमाज’, म्हणजे जेवण आणि नमाज, एवढंच उत्तर मिळतं. ही तक्रार परदेशी व्यापाऱ्यांपुरती नाही. तेहरानचा टॅक्सीवाला आणि इस्फहानचा दुकानदारही तीच करतो. सरकारी नोकर दिवसाकाठी खरं काम किती करतो याचे आकडे तिथल्या वर्तमानपत्रांत अधूनमधून छापून येतात. कधी दोन तास, कधी अर्ध्या तासाहूनही कमी. वाचणाऱ्याच्या मनात त्या आकड्याबरोबर भाताचं ताट आणि चहाचा ग्लास आपोआप उभा राहतो. मुंबईहून बंदर अब्बासला जाणाऱ्या मालाची कागदपत्रं सांभाळण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि त्या कामातून माझं जे मत बनलं ते या तक्रारीच्या विरुद्ध आहे. इराणी कचेरीतली दिरंगाई जेवणामुळे होत नाही. ती सहीमुळे होते. नेमकं सांगायचं तर, सही करणाऱ्याला निर्णयाची जी भीती वाटते तिच्यामुळे होते. जेवण डोळ्यांना दिसतं आणि भीती दिसत नाही, म्हणून दोष जेवणावर जातो. हा दोष चुकीच्या जागी गेला की सुधारणेचे उपायही चुकीच्या जागी होतात, म्हणून हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो.

आधी हे जेवण असतं तरी कसं, ते पाहू. इराणमध्ये दुपारचं जेवण हे दिवसातलं मुख्य जेवण. सकाळची न्याहारी नान, पनीर आणि चहा एवढीच, आणि पुष्कळ जण तीही कचेरीत पोचल्यावर उरकतात. म्हणून दुपारी भात हवा. मोठ्या कार्यालयांत कँटीन असतं, त्याला तिथे ‘सेल्फ’ म्हणतात, आणि तिथे बाजारापेक्षा बऱ्याच कमी दरात ताट मिळतं. भरपूर पालेभाज्या, राजमा आणि वाळवलेली लिंबं घालून मटणाबरोबर शिजवलेली घोरमे सब्झी, डाळ आणि मटणाची घेयमे, आंबट जेरेश्क पेरलेल्या भाताबरोबर कोंबडी, असे पदार्थ वारावारीने फिरतात. जोडीला दही, कांदा आणि ताजा पाला. लहान कचेरीत घरून आणलेले डबे आबदारखान्यात, म्हणजे चहापाण्याच्या खोलीत, गरम होतात आणि एका टेबलावर सोफरे, म्हणजे जेवणासाठी अंथरायचं कापड, पसरून चार-सहा जण एकत्र बसतात. दारात कोणी आलं तर ‘बेफर्माईद’, म्हणजे ‘या, घ्या’, म्हणत ताटाकडे हात केल्याशिवाय घास तोंडात जात नाही. जेवणाला लागूनच नमाज असते. तेहरानमध्ये माध्यान्हीची अजान बाराच्या आगेमागे होते, आणि शिया रिवाजाप्रमाणे दुपारची व तिसऱ्या प्रहरची नमाज लागोपाठ पढली जाते, त्यामुळे कामाच्या वेळेत खंड पडतो तो एकदाच. कारखाने आणि खासगी आस्थापनांना लागू असलेल्या १९९० च्या कामगार कायद्याचं १५०वं कलमही कामाच्या जागी नमाजेची सोय करायला आणि त्यासाठी कामातून सवड द्यायला सांगतं. तेव्हा दुपारची ही सुट्टी म्हणजे आळशी कारकुनांनी गुपचूप उकळलेली सवलत नाही. धर्म आणि घरचं वळण दोन्ही तिच्या पाठीशी आहेत, आणि ती सरकारी नोकरांइतकीच खासगी नोकरांचीही आहे.

आता वेळेचा हिशेब करू. २००७ च्या नागरी सेवा व्यवस्थापन कायद्याने सरकारी नोकराचा आठवडा ४४ तासांचा ठरवला. आठवडा शनिवारी सुरू होतो, शुक्रवारी सुट्टी असते, आणि गुरुवारी बरीच कार्यालयं बंद किंवा अर्धा दिवसच उघडी असतात. भारतातून व्यवहार करणाऱ्याला याचा पहिला चटका बसतो तो इथे. इकडच्या बँका रविवार आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारच्या सुट्टीत अडकतात, तिकडच्या गुरुवार-शुक्रवारच्या, आणि दोन्हीकडचे अधिकारी एकाच वेळी टेबलावर सापडण्याचे भरवशाचे दिवस सोमवार, मंगळवार आणि बुधवार एवढेच उरतात. घड्याळ पुढेमागे करण्याची पद्धत इराणने २०२२ मध्ये कायद्याने बंद केल्यापासून दोन देशांच्या वेळांतलं अंतर वर्षभर दोन तासांचं असतं. मुंबईत दुपारचे दोन वाजतात तेव्हा तेहरानमध्ये अजानची वेळ झालेली असते. याशिवाय नौरोजचा पंधरवडा, धार्मिक आणि राष्ट्रीय सुट्ट्या, आणि अलीकडच्या वर्षांत धुरकं, उष्मा किंवा गॅस-विजेच्या टंचाईपायी अचानक जाहीर होणारे बंद. २ आणि ३ ऑगस्ट २०२३ ला उष्म्यामुळे सगळ्या देशाला सुट्टी दिली गेली. रोजचा एक तास जेवणात आणि नमाजेत गेला असं धरलं, तरी आठवड्याला पाच-सहा तास होतात. अचानक जाहीर झालेला एकच बंद त्याहून जास्त वेळ खातो. तरीही बंदाची तक्रार एकदा होते आणि विरते, जेवणाची मात्र रोज होते.

साधं गणितच या तक्रारीला पुरून उरतं. आठ तासांतला एक तास जेवणात गेला, तर सात दिवसांच्या कामाला आठ दिवस लागतील. प्रत्यक्षात ज्या अर्जावर वीस मिनिटांचं काम असतं तो सहा-सहा आठवडे पडून राहतो. एवढी तफावत दुपारच्या एका तासाने भरून निघत नाही. यावर कोणी म्हणेल की तो एक तास कागदावरचा. भात पोटात गेल्यावर उरलेली दुपारच सुस्तावते. या म्हणण्याची परीक्षा इराणच्याच व्यवहारात आपोआप झालेली आहे. रमजानमध्ये कँटीन बंद असतं, दिवसा कोणी जेवत नाही. त्या महिन्यात कागद वेगाने हलायला हवेत, पण अनुभवी माणूस आपली कामं रमजानच्या आधी उरकायला धावतो. उपासाने माणूस थकतो आणि कचेरीचे तासही कमी होतात, म्हणून हा पुरावा अपुरा आहे असं म्हणता येईल, आणि ते योग्यच आहे. पण दुसरा पुरावा अधिक स्वच्छ आहे. वीज वाचवण्यासाठी २०२३ पासून उन्हाळ्यात सरकारी कचेऱ्या सकाळी सातला, नंतरच्या वर्षांत तर सहालाच, उघडून दुपारी एकला बंद होऊ लागल्या. कर्मचारी घरी जाऊन जेवतात. म्हणजे जेवण कचेरीतून बाहेर गेलं, त्यानंतरची सुस्त दुपारही गेली, आणि सकाळचे सहा-सात तास जवळजवळ सलग उरले. वीस मिनिटांच्या कामाला एवढी सकाळ पुरायला हरकत नव्हती. तरीही या महिन्यांत फाईल लवकर सुटल्याचं आमच्या व्यवसायात कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. फाईल तासांसाठी अडलेली नव्हती, म्हणून तासांची फिरवाफिरव तिला लागू पडली नाही.

याची उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. गेल्या दोन दशकांत इराणने पासपोर्ट, वाहन परवाना, ओळखपत्रं यांसारखी कामं ‘पोलीस +१०’ आणि ‘पीशखाने दौलत’ या नावाच्या सेवा केंद्रांकडे सोपवली. ही केंद्रं सरकारच्या देखरेखीखाली खासगी माणसं चालवतात, वस्तीवस्तीत त्यांच्या पाट्या दिसतात, आणि तयार झालेला पासपोर्ट टपालाने घरी येतो. तिथे बसणारी मुलंमुली त्याच समाजातली आहेत. तीही घोरमे सब्झी खातात, तीही चहा पितात, त्यांच्यातलेही पुष्कळ जण नमाज पढतात. मग तिथे काम का होतं? कारण तिथल्या माणसाला निर्णय घ्यायचा नसतो. कोणते कागद हवेत हे ठरलेलं, शुल्क ठरलेलं, पुढचा टप्पा ठरलेला. कागद पुरे असले तर अर्ज पुढे जातो, नसले तर काय कमी आहे ते तिथल्या तिथे कळतं. तेहरानच्या खासगी कंपन्यांतही तेच दिसतं. दुपारी बारा-साडेबाराला सगळे एकत्र जेवायला बसतात, आणि दोनच्या आत ईमेलचं उत्तर येतं. तीच माणसं, तेच जेवण, आणि वेग मात्र वेगळा. वेग बदलत असेल आणि जेवण तेच राहत असेल, तर कारण जेवणात शोधण्यात अर्थ नाही.

मग कारण कुठे आहे? आयातीचं उदाहरण घेऊ, कारण ते काम मला जवळून माहीत आहे. इराणमध्ये परदेशातून माल आणायचा तर आधी ‘सब्ते सेफारेश’, म्हणजे मागणीची नोंदणी, करावी लागते. त्यानंतर ‘तख्सीसे अर्ज’, म्हणजे परकीय चलनाचं वाटप, होण्याची वाट पाहायची. मग माल बंदरात आला की कस्टम्स, मानक संस्था, आणि खाद्यपदार्थ असेल तर अन्न व औषध संघटना. यातला प्रत्येक टप्पा दुसऱ्या कोणाच्या तरी परिपत्रकावर अवलंबून असतो आणि परिपत्रकं बदलत राहतात. एप्रिल २०१८ मध्ये सरकारने डॉलरचा दर ४२,००० रियाल ठरवला. अमेरिकेचे निर्बंध त्याच वर्षी परतले, बाजारातला दर त्याच्या कितीतरी पट झाला, आणि कोणत्या मालाला स्वस्त डॉलर मिळणार याच्या याद्या पुनःपुन्हा बदलल्या. तांदळाच्या आयातीवर तर देशातल्या सुगीच्या महिन्यांत बंदीच येते, आणि ती कधी लागणार, कधी उठणार याकडे भारतातला बासमती पाठवणारा डोळे लावून बसतो. अशा वातावरणात सही करणाऱ्याच्या मागे महानिरीक्षण संघटना आहे, लेखापरीक्षण न्यायालय आहे, न्यायपालिका आहे. चलनबाजारातल्या गोंधळाबद्दल मध्यवर्ती बँकेच्या एका माजी गव्हर्नरांना २०२१ मध्ये १० वर्षांच्या कैदेची शिक्षा सुनावली गेली. त्या खटल्याच्या गुणदोषांत शिरायचं कारण नाही; खालच्या टेबलावरच्या माणसाने त्यातून काय धडा घेतला, एवढंच इथे महत्त्वाचं. त्याला कळलं की आज केलेली सही तीन वर्षांनी गुन्हा ठरू शकते, आणि न केलेली सही सहसा कोणी विचारत नाही. कर्तव्यात कसूर केल्याबद्दलही खटले भरू, असं न्यायपालिकेने मधल्या काळात जाहीर केलं खरं, पण चुकीची सही कागदावर सापडते, टाळलेली सही सिद्ध करणं कठीण जातं. तेव्हा ‘आज जा, उद्या ये’ हे इराणी माणसाला पाठ झालेलं उत्तर येतं ते सावधपणातून, आणि जेवणाची वेळ हे त्या उत्तराचं सगळ्यात सभ्य निमित्त आहे.

या जेवणाचं कचेरीवर ऋणही आहे, आणि ते सहसा कोणी मांडत नाही. पहिली गोष्ट पगाराची. २०१८ नंतर इराणमध्ये महागाईचा वार्षिक दर वर्षानुवर्षं ३० टक्क्यांच्या वर राहिला, काही वर्षं ४० च्याही वर गेला. सरकारी पगार त्या वेगाने वाढले नाहीत, मटण मध्यमवर्गाच्या ताटातून कमी होत गेलं, आणि कितीतरी नोकरदार संध्याकाळी स्नॅपसारख्या ॲपवर टॅक्सी चालवू लागले. अशा माणसासाठी कँटीनचं अनुदानित ताट हा पगाराचाच भाग आहे, आणि काहींच्या बाबतीत दिवसातलं एकमेव पोटभर, सकस जेवणही. दुसरी गोष्ट कामाच्या जोडणीची. ज्या व्यवस्थेत एक खातं दुसऱ्या खात्याला लेखी विचारतं आणि लेखी उत्तराला पंधरा दिवस लागतात, तिथे नोंदणीवाला आणि चलनवाला एका सोफऱ्याशी बसले की अर्धवट समजलेलं परिपत्रक दोन वाक्यांत उलगडतं. नव्याने लागलेला तरुण कोणता कागद आधी पाहायचा हे तिथेच शिकतो. पदाची उतरंड इराणी कचेरीत कडक असते, बोलण्यात ‘आकाये मोहन्देस’ (इंजिनियरसाहेब), ‘खानुमे दोक्तोर’ (डॉक्टरबाई) असे मान सांभाळावे लागतात. भाताच्या ताटाशी ती थोडी सैल होते. वरिष्ठासमोर टेबलावर जे विचारता येत नाही ते तिथे विचारता येतं. मुंबईत बसून पाठपुरावा करणाऱ्याला हे हळूहळू उमगतं: दुपारनंतर आलेलं उत्तर पुष्कळदा सकाळच्या उत्तरापेक्षा स्पष्ट असतं, कारण मधल्या वेळात चार माणसं एकमेकांशी बोललेली असतात.

माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप खिडकीबाहेरच्या माणसाचा आहे. जो शेतकरी बस पकडून जिल्ह्याच्या गावी आला, ज्याने त्यासाठी दिवसाची मजुरी बुडवली, त्याला बंद खिडकीसमोर तासभर उभं राहावं लागलं तर त्याच्यापुढे जोडणीचं आणि आपुलकीचं तत्त्वज्ञान मांडणं क्रूरपणाचं आहे. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पण तो जेवणावरचा आक्षेप नाही, सगळ्यांनी एकाच वेळी उठण्यावरचा आहे. दोन पाळ्या केल्या, अर्ध्या खिडक्या उघड्या ठेवल्या, की तो सुटतो. महाराष्ट्र शासनाने २०१९ मध्ये हाच मार्ग धरला: दुपारी एक ते दोनच्या दरम्यान अर्ध्या तासाचीच सुट्टी, आणि एका शाखेतल्या सगळ्यांनी एकदम उठायचं नाही, असं परिपत्रक काढलं. तो नियम योग्य आहे आणि इराणलाही लागू पडण्यासारखा आहे. मात्र आपल्याच राज्याचा अनुभव पुढचीही एक गोष्ट सांगतो. सातबारा किंवा दाखला वेळेत मिळण्याची हमी आपण जेवणाच्या परिपत्रकातून शोधली नाही. त्यासाठी २०१५ मध्ये लोकसेवा हक्क अधिनियम करावा लागला, प्रत्येक सेवेला मुदत ठरवावी लागली आणि मुदत मोडणाऱ्या अधिकाऱ्याला दंडाची तरतूद करावी लागली. त्या कायद्याची अंमलबजावणी अपुरी असेल, पण त्याची दिशा बरोबर आहे, कारण तो कागदाला मुदत घालतो. इराणनेही व्यवसाय परवान्यांसाठी राष्ट्रीय पोर्टल उभारून आणि २०२२ च्या कायद्याने परवाने सुलभ करण्याचा प्रयत्न करून तीच दिशा धरली आहे.

दुसरा आक्षेप वशिल्याचा. सोफऱ्याशी कामं सुटतात याचा अर्थ ज्याची तिथे ओळख आहे त्याचं काम सुटतं आणि ज्याची नाही त्याचं राहतं. इराणी माणूस ज्याला ‘पार्तीबाजी’ म्हणतो ती अशाच जागी पोसली जाते. यात तथ्य आहे. पण वशिला जेवणातून जन्मत नाही, नियमांच्या संदिग्धतेतून जन्मतो. पासपोर्टचे कागद ठरलेले असल्यामुळे त्यासाठी कोणी कोणाच्या ताटाशी बसत नाही. चलनवाटपाचा क्रम मात्र बाहेरच्याला कळत नाही, म्हणून तिथे ओळखीला भाव येतो. उद्या कँटीनला कुलूप लावलं तर ती ओळख लग्नघरी, शोकसभेला किंवा फोनवर जपली जाईल. क्रम जाहीर केला तर तिची गरजच उरणार नाही. चहाचंही असंच. आबदारची, म्हणजे चहा देणारा माणूस, दिवसातून पाच-सहा वेळा ट्रे फिरवतो, आणि बाहेरच्याला वाटतं की ही माणसं फक्त चहाच पितात. ज्या देशात काशेफ-उस-सल्तने यांनी कांगड्यातून चहाची रोपं नेऊन विसाव्या शतकाच्या आरंभी लाहिजानला मळे उभे केले, आणि जो आजही आपल्याकडून चहा विकत घेतो, तिथे चहा हा कामातला खंड मानत नाहीत. ग्लास हातात असताना बोलणी चालूच असतात, आणि परदेशी व्यापाऱ्याशी मुद्द्याचं बोलणं बहुतेक वेळा पहिल्या ग्लासानंतरच सुरू होतं.

तिसरा आक्षेप आकड्यांचा: दिवसाचे दोन तासही काम होत नसेल तर कारण काहीही असो, माणसं आळशी आहेत हे मान्य करा. पण कारकुनाचं काम मोजायचं कशाने, या प्रश्नाचं उत्तर हे आकडे देत नाहीत. ज्याच्या टेबलावर वरून आदेश येईपर्यंत काही करण्यासारखं नाही, त्याचे रिकामे तास आळसात धरायचे की व्यवस्थेच्या खर्चात? इराणचीच माणसं दिवसा सरकारी टेबलावर आणि रात्री टॅक्सीच्या चाकावर बारा-चौदा तास राबताना दिसतात. त्यांच्या अंगात काम करण्याची ताकद नाही असं म्हणता येत नाही. दिवसाच्या टेबलावर त्या ताकदीला वाट मिळत नाही, असंच म्हणावं लागतं.

म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे. कचेरीची कार्यक्षमता वाढवायची असेल तर मोजमाप अर्ज आत आल्याच्या तारखेपासून निर्णय बाहेर पडल्याच्या तारखेपर्यंत करावं, आणि मधले दिवस कोणत्या टेबलावर गेले ते जाहीर करावं. नियमानुसार, स्वच्छ हेतूने सही करणाऱ्याला नंतरच्या चौकशीपासून संरक्षण द्यावं. परिपत्रक बदलण्याआधी ठरावीक मुदतीची सूचना द्यावी, म्हणजे बंदरात उभा असलेला माल आणि टेबलावर बसलेला माणूस दोघेही एकाच नियमाने वागतील. दुपारी खिडकी उघडी राहील एवढ्या पाळ्या लावाव्यात. एवढं झालं की जेवणाचा तास आपोआप आपल्या जागी, आपल्या आकाराचा दिसेल. हे न करता घड्याळ आणि ताट यांवर पहारा बसवला, तर कारकून टेबलावर बसून राहील, उपाशी आणि चिडलेला, आणि फाईल त्याच्यासमोर तितकीच स्थिर असेल. सरकारी नोकराच्या दुपारच्या घासावर बोट ठेवणं सोपं असतं, म्हणून सत्तेवरचे लोक ते पुनःपुन्हा करतात. ज्यांना खरोखर काम व्हायला हवं आहे, त्यांनी अधिकार कोणाकडे आहे आणि तो वापरायला माणूस का घाबरतो, हा प्रश्न लावून धरायला हवा. तेहरानमध्ये आणि जिथे जिथे फाईल अडते तिथे.